पातूर, मार्गे शेगाव

“सुट्टीत कुठे जाणार?” असे आमच्या स्टाफरूममध्ये कोणी विचारले आणि मी “पातूरला” असे सांगितले, की समोरचा हमखास म्हणतो, “लातूरला? काय विशेष?” मग मी “लातूर नव्हे हो, पातूर! अकोल्याच्या खाली” असा खुलासा करतो. तो “असं, असं” म्हणून पुन्हा चहाकडे वळतो. पुण्यात मास्तरकी करायला लागून मला वीस वर्षे झाली आणि हा संवाद दर सुट्टीत होतो. एका अक्षराच्या फरकाने माणूस कोठल्या कोठे जाऊन पडतो, याची मला बरेच दिवस मौज वाटत असे. आता वाटत नाही.

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागले की तासाभरात पातूर येते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी सपाट जमीन, जिला वऱ्हाडात पायनघाट म्हणतात, ती इथे संपत येते आणि पुढे घाट सुरू होतो. उन्हाळ्यात हे डोंगर उघडेबोडके, तापल्या तव्यासारखे दिसतात. पण श्रावणात यावे! दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी, सोयाबीन, मधूनमधून तुरीची तासे आणि समोर ढगात डोके खुपसून बसलेल्या हिरव्या टेकड्या. गावाच्या कडेला डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत. पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केलेली आहेत. मात्र वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर मोटारींची जी रांग लागते, तिच्यातली एखादीही इकडे वळत नाही. टेकडीवर रेणुकामाता आहे. गावात शेख बाबूंचा दर्गा आहे. त्या दर्ग्यावरून जुन्या कागदांत गावाला पातूर शेख बाबू म्हटले आहे, आणि नानासाहेबांच्या देवस्थानावरून पातूर नानासाहेब. गाव एक, आडनावे दोन. माझ्या मावशीला लहानपणी मी लिहिलेली पत्रे कोणत्याही नावाने पोचत.

पोचली नाहीत तर काका होतेच. मावशीच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणत असू. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. पुण्याहून अकोल्यापर्यंत आगगाडी, पुढे पातूरपर्यंत यष्टी, आणि गाडी स्टँडात शिरली की खिडकीच्या जाळीमागून काकांचा हात वर झालेला दिसायचा. आल्यागेल्या प्रत्येकाला ते प्रथम एकच प्रश्न विचारीत, “कोठी जायचं, बाप्पा?” मग गाव ऐकून घेत, आणि गाडीचे नाव सांगण्याआधी त्याला बाकावर बसवीत. निवृत्त झाल्यावरही लोक घरी येऊन विचारत. मावशी म्हणायची, “माह्या घरी नवरा नाही, टाइमटेबल नांदते.”

२०२४च्या श्रावणात मावसभावाचा फोन आला. “दादा, बाबा तुले विचारून राहिले. लवकर ये.”

मी भ्रमणध्वनी काढला. प्रवासाचा सगळा बेत एका जागी आखून देणारे एक ॲप मी त्या सुमारास वापरीत असे. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यात गावाचे नाव इंग्रजीत लिहू लागलो, पाच अक्षरे झाली, खाली एक ओळ आली. तीच पाच अक्षरे आणि पुढे तीन टिंबे. मी तिच्यावर बोट ठेवले. ॲपने सांगितले, शेगावला उतरा, पुढे मोटार ठरवून देतो. अकोल्याच्या वाटेपेक्षा चाळीस मिनिटे आधी पोचाल. शेगावहून बाळापूरवरून पातूरला रस्ता आहे, हे मला ठाऊक होते. रस्ते आता चांगले झाले आहेत, असेल बुवा, असे म्हणून मी तिकीट काढले. चाळीस मिनिटांची त्या वेळी मला फार किंमत वाटत होती.

पहाटे सव्वाचारला शेगावी उतरलो. मोटार उभी होती. पाऊस पडत होता, रात्रभर झोप नव्हती, डोळा लागला. जाग आली ती चाकांचा आवाज बदलला म्हणून. गाडी एका लांब पुलावर होती आणि खाली पाणी दुथडी भरून चालले होते.

“कोणती नदी?” मी विचारले.

“पूर्णा.”

वऱ्हाडात ज्याचे आजोळ आहे त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. पूर्णा शेगावच्या उत्तरेला. पातूर दक्षिणेला. शेगावहून पातूरला जाताना पूर्णा आडवी येण्याचे काही कारणच नाही.

“पातुर्ड्यालेच जायचं ना, साहेब?” ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारले.

पातुर्डा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले गाव. रोमन लिपीत दोन्ही नावांची पहिली पाच अक्षरे एकच आहेत. सहावे आणि सातवे त्या तीन टिंबांच्या पोटात गेले होते. आणि येथे माझ्या व्यवसायाची थट्टा पाहा. पातूरमधला ‘तू’ दीर्घ आहे आणि पातुर्ड्यातला ‘तु’ ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापणारा मी मास्तर! ते नाव देवनागरीत असते तर टिंबांच्या आधीच माझा डोळा अडला असता.

काका पावणेसहाला गेले. मी सव्वासातला पोचलो. अकोल्याला उतरलो असतो तर साडेपाचला दारात असतो. हा हिशेब मी किती वेळा केला ते सांगत नाही. मावशी एवढेच म्हणाली, “गाडी चुकली काय रे?” मी हो म्हणालो. गाडी चुकली नव्हती.

या मावसभावाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या हुद्द्याचे नाव मला नीट उच्चारता येत नाही. पण काम असे, की लोक एखादे ॲप वापरताना कोठे अडखळतात ते पाहायचे आणि ते ठिकाण दुरुस्त करवून घ्यायचे. मी ज्याने फसलो ते ॲप तिच्या कंपनीचे नव्हे. पण जात तीच. या वर्षी त्यांनी मराठी आवृत्ती काढायचे ठरवले आणि शब्द सुचवायचे काम तिने माझ्याकडे दिले. मी फार उत्साहाने यादी करून दिली. निघण्याचे ठिकाण, त्याला ‘प्रस्थान’. पोचण्याचे, ‘गंतव्य’. गाडीत चढायची जागा, ‘आरोहण स्थान’. चुकीचे काही लिहिले तर ‘अवैध नोंद’. खुद्द ॲपला मी ‘अनुप्रयोग’ सुचवला होता, पण त्याला ती इतकी हसली की तो मागे घेतला.

“आता हे तपासायला हवं,” ती म्हणाली. “वर्षश्राद्धाला पातूरला जातोच आहोत. तिथेच करू.”

मला वाटले, तपासायचे म्हणजे शंभर-दोनशे माणसांना प्रश्नपत्रिका वाटायची. तसे नव्हे. याकोब नील्सेन नावाचे एक डॅनिश तज्ज्ञ आहेत. त्यांनी आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९०मध्ये अशा परीक्षणाची एक पद्धत मांडली. यंत्राने आपण काय करीत आहोत ते माणसाला कळवावे, माणसाच्या बोलीत बोलावे, चूक झाली तर परतीची वाट ठेवावी, अशी दहा सूत्रे नील्सेन यांनी १९९४मध्ये नीट केली. पुढे २०००मध्ये त्यांनी असे मांडले की पाच माणसे बसवलीत तरी बहुतेक दोष उघडे पडतात. माणसाला एक काम द्यायचे, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचे आणि आपण गप्प बसायचे. “काका, गप्प म्हणजे गप्प,” पुतणीने मला दोनदा बजावले. मास्तराला यापेक्षा कडक शिक्षा मी ऐकलेली नाही.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी घातली. पहिली मावशी. तिला दिलेले काम लुटुपुटीचे नव्हते. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती आणि मावशीला पुण्याला जाऊन धाकट्या बहिणीजवळ राहायचे होते. काका असताना तिने कधी स्वतः तिकीट काढले नाही. वर्षभर ती कोणी नेईल तेव्हाच हलली होती. वय ७६, चौथीपर्यंत शिक्षण, वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत.

तिने चष्मा लावला. “प्रस्थान,” तिने वाचले. “प्रस्थान तं पालखीचं असते.”

मी तोंड उघडले. पुतणीने डोळे वटारले.

“गंतव्य. हे कोणतं गाव?”

मी भिंतीकडे पाहू लागलो.

कशीबशी ती तारखेपर्यंत पोचली. तिला पोळ्यानंतरचा सोमवार हवा होता. पोळा कोठे दिसेना. इंग्रजी महिन्याचे चौकोन तेवढे होते. तिने अंदाजाने एक चौकोन दाबला, तो होऊन गेलेल्या दिवसाचा निघाला आणि पडद्यावर तांबडी ओळ उमटली, माझीच, ‘अवैध नोंद’.

“अवैध?” मावशी दचकली. “अवैध तं दारू असते.” मग तिने फोन हलकेच सतरंजीवर ठेवला, हात पदराला पुसले आणि अपराध्यासारखी म्हणाली, “माह्या हातून काही बिघडलं काय, बाई?”

इतका वेळ आम्ही हसत होतो. त्या वाक्याने हसू गेले. पुतणी नंतर म्हणाली की सगळीकडे हेच होते. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८८मध्ये रोजच्या वापराच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. ढकलायचे की ओढायचे ते न कळणारे दरवाजे, कोणते बटण कोणत्या शेगडीचे ते न सांगणाऱ्या चुली. त्यांचे म्हणणे असे, की माणूस अशा वेळी दरवाजाला दोष देत नाही, स्वतःला देतो. मी ते ऐकले आणि काही बोललो नाही. वर्षभर मी तरी दुसरे काय केले होते? पण मावशीच्या बाबतीत दरवाजा मीच बांधला होता, तेही खरेच.

बाकीचे चौघे सांगायचे तर शेजारचे निवृत्त गुरुजी, दर्ग्याच्या बाजूचे बांगडीवाले चाचा, अकोल्याला रोज कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि भावाच्या शेतावर काम करणारा सालदार. गुरुजींनी माझे सर्व शब्द अचूक वाचले, अचूक उच्चारले आणि तिकीट चुकीच्या दिवसाचे काढले. गाडी ००.४०ची होती. त्यांनी सोमवार रात्रीची म्हणून सोमवारची तारीख घातली. पण बारा वाजून गेले की आगगाडीच्या लेखी मंगळवार लागतो. अकोल्यावरून रात्री-अपरात्री कितीतरी गाड्या जातात आणि या फेऱ्यात सापडून फलाटावर रिकामे हात चोळत बसलेली कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. ‘सोमवारी रात्री जेवून निघा, गाडी बारा चाळीसला’ एवढे सांगितले तर काय बिघडेल?

चाचांना लेकीकडे बाळापूरला जायचे होते. ॲपने त्यांना हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरला घातले. “हे पाहा,” चाचा म्हणाले, “लेक वर, अन् हा मले खाली धाडून राहिला. जावई म्हणन, सासरे रुसले.” आपले बाळापूर पातूरच्या वायव्येला, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीचे, ते दुसरे नांदेडच्या वाटेवर. महाराष्ट्रात अशी जुळी गावे किती असतील, याचा आपण कधी विचार करतो का?

सर्वांत हुशार निघाली ती कॉलेजची मुलगी. तिने सगळे मिनिटभरात केले आणि फोन बाजूला ठेवून म्हणाली, “हे सगळं बरोबर आहे, पण मी या गाडीनं जाणार नाही.” का? तर गाडी स्टँडात येते की हमरस्त्यावरून बाहेरूनच निघून जाते, ते यात लिहिलेले नाही. सायंकाळी बाहेर रस्त्यावर एकटी उभी राहायला ती तयार नव्हती. आणि दुसरे, “शेवटची गाडी कुठे दिसते?” सालदारानेही तेच विचारले, त्याला तर पहिल्या गाडीशी काही कर्तव्यच नव्हते. शहरातला माणूस ‘पुढची गाडी किती वाजता’ असे विचारतो. तालुक्याचा माणूस ‘शेवटची किती वाजता’ असे विचारतो, कारण ती गेली की रात्र तिथेच. या प्रश्नाला त्या पडद्यावर एकही चौकट नव्हती.

दुपारी पुतणी काकांच्या कपाटातून एक वही घेऊन आली. दोनशे पानी, कोपरे झिजलेली, एस.टी.च्या जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या चिकटवून वाढवलेली. काकांचे खाजगी वेळापत्रक. आत रेघा मारून रकाने पाडलेले होते, ‘गाव’, ‘जिल्हा’, ‘मार्गे’, ‘आत / बाहेरून’, ‘शेवटची’. बाळापूरपुढे कंसात ‘अकोला’ आणि पुढच्या ओळीत आखाडा बाळापूरपुढे ‘परभणी’, मग परभणी खोडून वर ‘हिंगोली’. हिंगोली जिल्हा १९९९मध्ये वेगळा झाला, तेव्हा केलेली ही दुरुस्ती. पुतणी वही मांडीवर घेऊन किती तरी वेळ पाने उलटत बसली. सकाळपासून टिपून ठेवलेल्या तिच्या अकरा दोषांपैकी पाचांची उत्तरे आजोबांनी पेनाने रेघा मारून देऊन ठेवली होती.

त्यातही ‘मार्गे’ हा शब्द पाहा. एस.टी.च्या पाटीवर तो आपण लहानपणापासून वाचतो. इतका वाचतो की दिसत नाही. १९४८च्या १ जूनला पुणे-अहमदनगर या वाटेवर एस.टी. सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या माणसाने पाटी अशीच वाचली आहे. शेवटचे गाव नंतर, आधी मधले. मधले गाव ओळखीचे असले की माणूस पाय उचलतो. मला त्या रात्री ॲपने ‘मार्गे संग्रामपूर’ असे सांगितले असते, तर मी शेगावला उतरलोच नसतो.

वर्गात मी महानुभावांची ‘स्थानपोथी’ शिकवतो. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ आपल्या वऱ्हाडच्याच वि. भि. कोलत्यांनी संपादिला. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, लोणार, मेहकर, रिद्धपूर, त्या जागा पुढच्यांना सापडाव्यात म्हणून लिहिलेला. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्यापासून अमुक जागा कोठे. विद्यार्थ्यांना तो रुक्ष वाटतो आणि खरे सांगायचे तर मीही ‘प्राचीन गद्याचा नमुना’ म्हणून तो उरकून टाकीत असे. त्या दुपारी काकांची वही पाहताना मला तो पहिल्यांदा कळला. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाट चुकलेला माणूस होता. माझ्या यादीसमोर तो नव्हता.

मग आम्ही कॅलेंडरच्या जुन्या महिन्यांच्या पाठकोऱ्या कापून पडदे तयार केले. कागदाचेच. त्यावर पेन्सिलीने चौकटी काढायच्या, माणसाने बोट ठेवले की पुतणी पुढचा कागद सरकवणार. खुळ्यासारखे दिसते, पण मोठमोठ्या कंपन्यांत असेच करतात म्हणे. ‘प्रस्थान’ गेले, ‘कुठून’ आले. ‘गंतव्य’ गेले, ‘कुठे’ आले. ‘आरोहण स्थान’ला मावशीने स्वतः शब्द दिला, ‘गाडी कुठून धरायची’. पुण्याच्या बाबतीत ते फारच जरूर आहे. २०१९च्या अखेरीस शिवाजीनगरचे स्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलले आणि त्यानंतर कितीतरी पाहुणे जुन्या जागी उभे राहून मला फोन करीत. गावाच्या नावाखाली तालुका, जिल्हा आणि जवळचे रेल्वे स्थानक; नाव कितीही लांब असो, टिंबे नाहीत, ओळ दोनदा मोडली तरी चालेल. ‘अवैध नोंद’च्या जागी ‘हा दिवस होऊन गेला. पुढचा दिवस निवडा’. तांबडा रंग नको, असे गुरुजी म्हणाले. तांबडा त्यांच्या मुलांच्या वह्यांत फार झाला होता.

वयाचीही एक चौकट मावशीने मागितली. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, हे तिला तोंडपाठ होते. “मग हा मले पैसे कावून मागते?” रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० पासून बंद झाली, हेही तिला ठाऊक होते, त्याबद्दल तिने जे उद्गार काढले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

कागदाच्या पडद्यांवर तिचे काम दहा मिनिटांत झाले. ‘पातू’ एवढेच लिहिले होते आणि खाली दोन ओळी, पातूर, जिल्हा अकोला, स्थानक अकोला. पातुर्डा, जिल्हा बुलढाणा, स्थानक शेगाव. तिने दोन्ही वाचल्या. पहिलीवर बोट ठेवले. दुसरीकडे पुन्हा एकदा पाहिले, आणि मग माझ्याकडे. मी त्या दिवशीची हकिगत तिला कधी सांगितली नव्हती.

“हे होय?” ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने चष्मा काढून पुसला आणि पुतणीला म्हणाली, “चाल, पुढचा कागद दे.”

पुण्यास आल्यावर पुतणीने अकरा दोषांचे टिपण कंपनीत दिले. तिघांवर काम सुरू झाले आहे, जिल्ह्याचे नाव, मध्यरात्रीनंतरची तारीख आणि तांबडी ओळ. ‘शेवटची गाडी’ पुढच्या खेपेला, असे वरिष्ठ म्हणतात. ‘आत की बाहेरून’ ही माहिती कोठून आणायची, यावर त्यांची अजून बैठक चालू आहे. माझी शब्दांची यादी मी परत मागून घेतली.

मावशीने मात्र ॲपची वाट पाहिली नाही. कागदाचे ते तुकडे तिने टाचणीने एकत्र लावून बटव्यात ठेवले होते. पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझा तास चालू असताना फोन वाजला. एरवी मी वर्गात उचलीत नाही.

“मी स्टँडवर हाय,” मागे इंजिनाची घरघर आणि कोणाचा तरी ‘अकोला, अकोला’ असा पुकारा ऐकू येत होता. “गाडी आतच आली बरं. पाटी वाचली मी. ठेवतो.”